एआय नियोजन सहायकाची चॅट स्क्रीन: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

एका गावातल्या दूध संकलन केंद्राचे सचिव माझ्या लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांना केंद्रासाठी छोटंसं सॉफ्टवेअर हवं होतं आणि मला माझ्या नियोजन सहायकाची पहिली कच्ची स्क्रीन कोणाच्या तरी हातात देऊन पाहायची होती. त्यांनी लिहिलं, ‘सकाळ-संध्याकाळ दूध येतं. लिटर, फॅट लिहायचं आणि बिल काढायचं.’ सहायकाने अर्ध्या मिनिटात भलामोठा आराखडा लिहून दिला. सचिवांनी तो वरून खालपर्यंत वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, ‘झकास झालंय.’ त्यात मधेच कुठेतरी एक ओळ होती: ‘दर महिन्याच्या अखेरीस उत्पादकांची बिलं तयार होतील.’ मी त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा ते चमकले. ‘महिन्याला कुठलं? दहा दिवसाला बिल असतंय की.’

दहा दिवसांचं बिल म्हणजे महिन्यात तीन हिशेब, पशुखाद्याचे आणि उचलीचे पैसे कापायच्या तीन वेळा, तीन वेळा बँकेत यादी पाठवणं. सॉफ्टवेअरचा पायाच बदलतो. चुकीची ओळ सहायकामागच्या भाषा मॉडेलने लिहिली होती, पण ती झाकली गेली माझ्या स्क्रीनमुळे. सचिवांनी सांगितलेलं आणि यंत्राने मनाने धरलेलं, दोन्ही एकाच अक्षरात, एकाच परिच्छेदात, सारख्याच ठामपणे समोर आलं होतं. वाचणाऱ्याने शंका कुठे घ्यायची?

सॉफ्टवेअर बांधायच्या आधी काय बांधायचं हे ठरवायला मदत करणारा सहायक आणि त्याची चॅट स्क्रीन पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. दुसरी आणि तिसरी नीट जमली तर बाकीचं सावकाश सुधारता येतं.

पायरी 1: स्क्रीन काढण्याआधी संभाषण लिहून काढा

फिग्मा, म्हणजे स्क्रीनची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, उघडायची घाई करू नका. आधी दोन माणसं घ्या. एकाला खरोखर एखादं सॉफ्टवेअर करून हवं असलं पाहिजे. दुसरा यंत्राची भूमिका करेल. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवा आणि साध्या मेसेजिंग ॲपवर बोलू द्या. यंत्र झालेल्या माणसाने फोन करायचा नाही, हसरे चेहरे पाठवायचे नाहीत, फक्त लिहून विचारायचं आणि शेवटी आराखडा द्यायचा. तास-दीड तास पुरतो.

मग ते संभाषण कागदावर छापून घ्या आणि तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा. माणूस कुठे अडला? कुठे वर सरकून जुनं काही शोधलं? कुठे ‘माहीत नाही’, ‘बघून सांगतो’ म्हणाला? या तीन खुणा म्हणजेच तुमच्या स्क्रीनच्या गरजा. वर सरकून शोधण्याच्या खुणा जास्त असतील तर दुसरी पायरी तुम्हाला आपोआप पटेल.

या कसरतीत आणखी एक गोष्ट दिसते. लिहून उत्तर देणाऱ्यावर माणूस फार लवकर विश्वास टाकतो. ही गोष्ट जुनीच आहे. 1966 साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याच्या वाक्यातले शब्द उलटवून तो प्रश्न विचारायचा, एवढंच. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले आणि त्याला आपलं कळतंय असं मानू लागले. वायझेनबाउम यांना याची पुढे आयुष्यभर काळजी वाटत राहिली. आजचं मॉडेल एलायझापेक्षा कितीतरी पटींनी सफाईने बोलतं, म्हणून आपली जबाबदारीही तेवढी वाढते.

पायरी 2: आराखडा चॅटच्या बाहेर काढा

नवखे लोक बहुतेक वेळा एकच उभी पट्टी काढतात. माणसाचा मेसेज, यंत्राचं उत्तर, पुन्हा मेसेज, पुन्हा उत्तर. गप्पांसाठी हे ठीक आहे. नियोजनात मात्र विसाव्या मेसेजला नेमका कुठला आराखडा खरा, हे कोणालाच सांगता येत नाही. सहाव्या उत्तरात एक यादी होती, अकराव्यात ती बदलली, पंधराव्यात तिच्यातली दोनच कामं पुन्हा लिहिली. उरलेली गेली की राहिली?

म्हणून स्क्रीनचे दोन भाग करा. डावीकडे बोलणं, उजवीकडे आराखडा. बोलणं वाहतं असेल, आराखडा जागेवर राहील आणि त्याची एकच प्रत असेल. सहायकाने काही बदललं की चॅटमध्ये पूर्ण यादी पुन्हा ओतायची नाही. तिथे एवढंच: ‘बिलाचा कालावधी महिन्याऐवजी दहा दिवस केला. त्यामुळे आणखी दोन कामं बदलली.’ उजवीकडे त्या तीन ओळींच्या कडेला पट्टी उमटेल आणि ती माणसाने पाहीपर्यंत राहील. दोन सेकंदांत विरणारा पिवळा रंग देऊ नका. माणूस तेवढ्यात चहाचा कप उचलतो आणि बदल त्याच्या नजरेतून निसटतो.

मोबाइलवर दोन भाग मावत नाहीत. तिथे वर दोन टॅब द्या, ‘बोलणं’ आणि ‘आराखडा’. दुसऱ्या टॅबवर न पाहिलेल्या बदलांचा आकडा दाखवा. आराखड्यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की ‘याबद्दल बोला’ हे बटण यावं. त्यावरून चॅटमध्ये परतल्यावर लिहायच्या चौकटीच्या डोक्यावर ती ओळ चिकटलेली दिसली पाहिजे. ‘ते वरचं तिसरं, फॅटवालं’ असं वर्णन करायला माणसाला लावू नका.

या विभागणीमागे तांत्रिक कारणही आहे. भाषा मॉडेलला स्वतःची अशी आठवण नसते. प्रत्येक वेळी आपण त्याला आधीचं संभाषण पुन्हा पाठवतो आणि ते किती पाठवता येतं याला मर्यादा असते. देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) लागतात, त्यामुळे मराठी संभाषणाला ही मर्यादा आधी गाठते. जुनं गाळावं लागलं आणि आराखडा फक्त त्या जुन्या मेसेजांत असला, तर तोही गळतो. आराखडा तुमच्या डेटाबेसमध्ये ओळीओळीने, प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन ठेवा. मॉडेलकडून पूर्ण आराखडा मागू नका, बदल मागा: ‘ओळ 7 बदल’, ‘ओळ 12 काढ’, ‘नवी ओळ घाल’. ते बदल तुमचा कोड तपासून लावेल. यामुळे उलटवणं सोपं होतं आणि यंत्राने न सांगता एखादी ओळ गिळली असं होत नाही.

पायरी 3: सांगितलेलं आणि धरलेलं वेगळं दाखवा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

आराखड्यातल्या प्रत्येक ओळीला तीनपैकी एक खूण द्या. ‘तुम्ही सांगितलं’, ‘मी धरलं’ आणि ‘ठरायचं आहे’. सचिवांच्या केंद्राचं उदाहरण घेऊन बघू:

दूध दिवसातून दोन वेळा येतं: तुम्ही सांगितलं.
प्रत्येक वेळी लिटर आणि फॅट नोंदवायचं: तुम्ही सांगितलं.
गाय आणि म्हैस यांच्या दुधाला वेगळा दर लागतो: मी धरलं.
बिल दर महिन्याला निघतं: मी धरलं.
एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) मोजतात की नाही: ठरायचं आहे.

ही पाच ओळींची यादी सचिवांना दाखवली असती तर चौथीवर त्यांची नजर स्वतःहून गेली असती. पुढच्या वेळी तसंच झालं. खुणा घातलेली स्क्रीन घेऊन मी पुन्हा गेलो. त्यांनी ‘तुम्ही सांगितलं’वाल्या ओळी भराभर ओलांडल्या आणि ‘मी धरलं’ जिथे जिथे होतं तिथे थांबून वाचलं. ‘दर वेगळा बरोबर आहे, पण दर काय आपल्या हातात नसतोय, संघाकडनं तक्ता येतोय,’ असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. दरपत्रक कोडमध्ये बांधायचं की बाहेरून भरायचं, हा मोठा निर्णय एका छोट्या खुणेमुळे वर आला.

खूण दाखवताना काय करू नये, हेही सांगतो. फक्त रंगावर भिस्त ठेवू नका, अनेकांना रंगांतला फरक दिसत नाही. तिरप्या अक्षरांचा मोह टाळा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खरं तिरपं वळण नसतं. ब्राउझर अक्षरं नुसती ढकलून वाकवतो आणि शिरोरेषा डोळ्यांना खुपते. शब्दच लिहा, ‘मी धरलं’, आणि त्या ओळीला तुटक रेघेची चौकट द्या. शेजारी दोन बटणं: ‘बरोबर’ आणि ‘बदला’. ‘बरोबर’ दाबलं की खूण ‘तुम्ही सांगितलं’ होते आणि चौकट पूर्ण होते. आराखड्याच्या माथ्यावर मोजणी ठेवा: ‘31 ओळी, त्यांपैकी 9 धरलेल्या.’ हा आकडा खाली येताना पाहून लोक उरलेल्या ओळी तपासायला आपोआप वळतात.

आता अवघड भाग. ही खूण कोण लावणार? मॉडेलच लावणार. आणि तेही चुकतं. आपणच धरलेली गोष्ट ते बिनदिक्कत ‘तुम्ही सांगितलं’ म्हणून मांडतं. त्यामुळे त्याच्या शब्दावर सोडू नका. मॉडेलने ‘तुम्ही सांगितलं’ म्हटलं की त्याने मेसेजचा क्रमांक आणि त्या मेसेजमधले नेमके शब्द दिलेच पाहिजेत, अशी अट घाला. मग तुमच्या साध्या कोडने ते शब्द त्या मेसेजमध्ये खरंच आहेत का, हे पडताळायचं. सापडले नाहीत तर खूण गपचूप ‘मी धरलं’ करून टाकायची. यात कुठलीही एआय नाही, अक्षरांची तुलना आहे, आणि तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येतो. शब्द सापडूनही अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून त्या खुणेवर बोट ठेवलं की मूळ मेसेज उघडला पाहिजे. आपलंच वाक्य समोर पाहून माणूस पटकन सांगतो, ‘मला असं म्हणायचं नव्हतं.’

पायरी 4: प्रश्न विचारायची रीत

एका वेळी एकच प्रश्न. सात प्रश्नांची यादी दिली की माणूस पहिल्या दोनांची उत्तरं देतो, बाकीची राहतात, आणि मॉडेल ती उरलेली उत्तरं स्वतःच धरून पुढे निघतं.

जिथे उत्तरं मोजकी आहेत तिथे बटणं द्या, पण लिहायची चौकट बंद करू नका. ‘बिल किती दिवसांनी निघतं?’ याखाली ‘10 दिवस’, ‘15 दिवस’, ‘महिना’ अशी बटणं आणि कायम एक चौथं: ‘माहीत नाही, नंतर’. या चौथ्या बटणाला कमीपणा देऊ नका. फिकट करडं, कोपऱ्यात दडवलेलं ठेवलं की लोक अडून राहण्यापेक्षा काहीतरी दाबून मोकळे होतात आणि ते ‘काहीतरी’ आराखड्यात खरं म्हणून बसतं. ‘माहीत नाही’ दाबलं की ती ओळ ‘ठरायचं आहे’ या खुणेने उजवीकडे जाते आणि कोणाला विचारायचं, हे लिहायला तिथेच जागा असते. सचिवांनी एसएनएफसमोर लिहिलं, ‘संघाच्या सुपरवायझरला विचारणे.’

प्रश्न का विचारला, हे प्रश्नासोबतच एका ओळीत सांगा. ‘एसएनएफ मोजता का?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. ‘एसएनएफ मोजत असाल तर दराचा तक्ता दोन बाजूंचा करावा लागेल, म्हणून विचारतोय’ असं पुढे जोडलं की उत्तरासोबत तक्त्याचा फोटोच येतो.

क्रमही महत्त्वाचा. जे उत्तर बदललं तर सगळ्यात जास्त कामं बदलतील, ते आधी विचारा. लॉगिन ओटीपीने की पासवर्डने, हा प्रश्न मॉडेलांना फार लवकर सुचतो. तो शेवटी आला तरी चालतो. इंटरनेट नसताना पहाटे साडेपाचला केंद्र चालू राहिलं पाहिजे का, हा प्रश्न पहिल्या तिनांत हवा.

पायरी 5: पहिली स्क्रीन

मोकळी चौकट आणि ‘काहीही विचारा’ हे वाक्य, याने नवखा माणूस गोठतो. सुरुवातीच्या स्क्रीनवर तीन गोष्टी पुरतात. हा सहायक काय करतो ते एका वाक्यात. काय करत नाही तेही एका वाक्यात, उदाहरणार्थ ‘कोड लिहून देत नाही, खर्चाची हमी देत नाही’. आणि तीन नमुना सुरुवाती, दाबल्या की चौकटीत उतरणाऱ्या आणि बदलता येणाऱ्या. नमुने खऱ्या कामांचे द्या: ‘सोसायटीच्या देखभाल बिलांचं सॉफ्टवेअर हवं आहे’, ‘क्लासच्या फीची नोंद सध्या वहीत आहे’. चौकटीतल्या फिकट अक्षरांत महत्त्वाची सूचना लिहू नका. पहिलं अक्षर टाईप केलं की ती नाहीशी होते.

पायरी 6: लिहायची चौकट

ही दिसायला किरकोळ आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी जागा.

मराठी टाईप करणाऱ्यांतले अनेक जण लिप्यंतराचा कीबोर्ड वापरतात. रोमन अक्षरांत ‘dudh’ टाईप करून हवा तो मराठी शब्द यादीतून निवडतात, आणि काही कीबोर्डांत ही निवड एन्टर दाबून होते. तुमच्या स्क्रीनने एन्टर म्हणजे ‘पाठवा’ असं धरलं असेल तर अर्धवट वाक्य निघून जातं. ब्राउझर प्रत्येक कीसोबत ‘शब्द अजून जुळवला जातोय’ अशी खूण देतो, तिचं नाव ‘इजकंपोजिंग’ (isComposing). ती खरी असताना एन्टरकडे दुर्लक्ष करा. इंग्रजी कीबोर्डवर चाचणी करणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मराठीत टाईप करून बघा.

मोबाइलवर एन्टरने नवी ओळ येऊ द्या, पाठवायला वेगळं बटण ठेवा. गरज सांगणारा माणूस सात-आठ ओळी लिहितो, म्हणून चौकट मजकुरासोबत वाढू द्या आणि साधारण अर्ध्या स्क्रीननंतर आतल्या आत सरकू द्या. आयफोनच्या सफारीत चौकटीतला फॉन्ट 16 पिक्सेलपेक्षा लहान असला तर चौकटीवर बोट ठेवताच सगळं पान मोठं होऊन सरकतं, तेव्हा 16 पेक्षा खाली जाऊ नका. अर्धवट लिहिलेला मजकूर ब्राउझरमध्येच जपून ठेवा. फोन आला, टॅब बंद झाला, परत आल्यावर वाक्य तिथेच हवं.

बोलून सांगायची सोय जमली तर जरूर द्या. पण बोललेलं थेट पाठवू नका. आधी चौकटीत लिहून दाखवा. ‘साडेतीन फॅट’चं ‘साडेतीनशे फॅट’ झालं तर ते माणसाला पाठवण्याआधी दिसलं पाहिजे.

पायरी 7: उत्तर येताना

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 1993 साली मांडलेल्या तीन मर्यादा आजही कामी येतात. 0.1 सेकंदापर्यंत गोष्ट तत्काळ झाल्यासारखी वाटते, 1 सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, 10 सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. मॉडेलचं पूर्ण उत्तर दहा सेकंदांत येईलच असं नाही, म्हणून ते येईल तसं दाखवत जातात. मात्र मेसेज पाठवल्याबरोबर, 0.1 सेकंदाच्या आत, माणसाचा स्वतःचा मेसेज चॅटमध्ये दिसला पाहिजे. सर्व्हरच्या होकाराची वाट पाहू नका. वेळ लागणार असेल तर तीन नाचणारे ठिपके दाखवण्यापेक्षा काय चाललंय ते सांगा: ‘आराखड्यातल्या 31 ओळी तपासतोय’. आणि ते खरं असेल तरच सांगा.

मराठी तुकड्यातुकड्याने दाखवताना एक खास अडचण येते. यूटीएफ-8, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत, तिच्यात देवनागरीची प्रत्येक खूण 3 बाइट घेते. ‘म्हैस’ या शब्दात म, हलन्त, ह, ऐकाराची मात्रा आणि स अशा 5 खुणा, म्हणजे 15 बाइट. नेटवर्कवरून तुकडा नेमका आठव्या बाइटवर तुटला की स्क्रीनवर चौकोनातलं प्रश्नचिन्ह उमटतं. बाइटांची पुन्हा अक्षरं करणाऱ्या ब्राउझरच्या ‘टेक्स्टडिकोडर’ला (TextDecoder) ‘स्ट्रीम’ हा पर्याय चालू करून दिला की तो अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. तरी अर्धं काम उरतं. आधी ‘म’, मग ‘म्’, मग ‘म्ह’, मग ‘म्है’ असं अक्षर डोळ्यांसमोर रूप बदलत राहतं आणि वाचणाऱ्याला त्रास होतो. उपाय साधा आहे: पुढची मोकळी जागा येईपर्यंत शब्द रोखून धरा आणि पूर्ण शब्दच दाखवा. वेग जाणवण्याइतका कमी होत नाही आणि मजकूर शांतपणे पुढे सरकतो.

‘थांबवा’ हे बटण ‘पाठवा’च्या जागेवरच द्या आणि थांबवल्यावर आलेला मजकूर पुसू नका. माणूस वर सरकून काही वाचत असेल तर नवा मजकूर आला म्हणून त्याला ओढून खाली आणू नका. खाली ‘नवीन मजकूर’ असं छोटं बटण पुरतं.

पायरी 8: सहायकाची मराठी

इंग्रजीत हा प्रश्न येतच नाही. मराठीत सहायक ‘समजलो’ म्हणणार की ‘समजले’? ‘करतो’ की ‘करते’? क्रियापद लिंग सांगूनच जातं, आणि यंत्र एका वाक्यात पुरुष, पुढच्यात स्त्री होतं. वर मी स्वतः उदाहरणांत ‘विचारतोय’, ‘तपासतोय’ लिहिलं, कारण त्या प्रकल्पात आम्ही तसं ठरवलं होतं. तुम्हीही काहीतरी एक ठरवा आणि मॉडेलच्या सूचनांत उदाहरणांसकट लिहा. लिंग टाळायचं असेल तर ‘नोंद झाली’, ‘ओळ 7 बदलली आहे’, ‘हे मी धरलं’ अशी वाक्यं वापरता येतात. ‘धरलं’ कर्मानुसार चालतं, त्यात बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. खुणेसाठी तोच शब्द निवडण्याचं हेही एक कारण.

समोरच्याला ‘तुम्ही’. ‘आपण’ वापरलं की ‘आपण ठरवू’ म्हणजे तुम्ही की आपण दोघं, असा गोंधळ नियोजनात महागात पडतो. माणूस रोमन लिपीत मराठी लिहीत असेल तरी उत्तर देवनागरीत द्या आणि एकदाच विचारा की हे चालेल का. शब्द त्याचेच ठेवा. त्याने ‘उत्पादक’ म्हटलं तर आराखड्यात ‘यूजर’ लिहू नका, ‘उचल’ म्हटलं तर ‘अग्रिम रक्कम’ करू नका. पुढे हाच आराखडा प्रोग्रॅमरच्या हातात जातो, आणि केंद्रावरचा शब्द तिथपर्यंत पोहोचला तर नंतरचे कितीतरी गैरसमज टळतात.

अक्षररचनेबद्दल थोडक्यात: नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हे दोन्ही फॉन्ट मोफत आणि स्क्रीनवर वाचायला चांगले. वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींची उंची अक्षराच्या 1.6 ते 1.7 पट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

पायरी 9: दिवसांचा अंदाज आणि पुढची कृती

‘हे काम 37 दिवसांत होईल’ असा आकडा मॉडेल सहज देतं. तुमच्या टीममध्ये किती जण आहेत, त्यांना काय येतं, हे त्याला माहीत नसतं. एकच आकडा स्क्रीनवर येऊच देऊ नका. ‘4 ते 7 आठवडे’ अशी कक्षा दाखवा, आणि लगेच खाली ती कशामुळे रुंद आहे ते: ‘वजनकाट्याची जोडणी ठरायची आहे.’ त्या ओळीचं उत्तर मिळालं की कक्षा अरुंद होताना दिसली पाहिजे.

सहायक जिरा किंवा ट्रेलो अशा कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कामं तयार करून देणार असेल तर आधी नेमकं काय होणार ते दाखवा: ‘23 कामं तयार होतील, त्यांपैकी 4 धरलेल्या ओळींवर उभी आहेत.’ बटणावर ‘ठीक’ नको, ‘23 कामं तयार करा’ लिहा. आणि ते मागे घेता येईल की नाही, हे बटणाच्या शेजारीच हवं. कोणी फाइल जोडली आणि तिच्यात सूचना लिहिलेल्या असल्या, तर तो वाचायचा मजकूर आहे, पाळायचा हुकूम नाही, ही मर्यादा कोडमध्येच घाला. अशा कृतींना माणसाच्या बटणाशिवाय वाट ठेवू नका.

पायरी 10: बिघाड आणि सगळ्यांसाठी सोय

नेट गेलं तर मेसेज पुसू नका, त्याच्याखाली ‘गेला नाही, पुन्हा पाठवा’ दाखवा. आराखड्याच्या जुन्या प्रती तारखेसह ठेवा. संभाषण किती दिवस साठवलं जातं आणि कोण पाहू शकतं, हे पहिल्याच स्क्रीनवरून एका दाबात कळावं. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा आपल्याकडे आहेच, आणि गरज सांगताना लोक नकळत उत्पादकांची नावं आणि खाते क्रमांकही चिकटवतात.

स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, वापरणाऱ्यांसाठी एचटीएमएलमध्ये चॅटच्या भागाला ‘लॉग’ ही भूमिका (role) द्या. शब्दागणिक येणारं उत्तर टॉकबॅक किंवा एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तुकड्यातुकड्याने वाचू लागलं तर काहीच कळत नाही, तेव्हा ते पूर्ण झाल्यावरच ऐकवा. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान 4.5 ला 1 हवा. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या वेब सुगम्यतेच्या नियमावलीत दाबायच्या जागेसाठी किमान 24 पिक्सेल सांगितले आहेत. ‘बरोबर’ आणि ‘बदला’ ही बटणं शेजारी आहेत, म्हणून मी ती 44 पिक्सेलची करतो.

पायरी 11: पाच माणसं, एक प्रश्न

पाच जणांना बसवा. त्यांतले निदान तिघे सॉफ्टवेअरच्या धंद्याबाहेरचे असावेत. आराखडा तयार झाला की ‘आवडलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. लॅपटॉप मिटा आणि विचारा: ‘यातल्या कुठल्या गोष्टी तुम्ही सांगितल्यात आणि कुठल्या यंत्राने धरल्या?’ आठवून सांगू द्या, तुम्ही वहीत लिहीत जा. मग लॅपटॉप उघडून खुणांशी ताडून बघा. जी धरलेली ओळ त्यांनी आपलीच म्हणून सांगितली, ती आराखड्यात नेमकी कुठे होती, तिची चौकट कशी दिसत होती, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी कोणत्या होत्या, ते बघा. दुरुस्ती तिथून सुरू करा आणि पुढच्या पाच जणांना नवी स्क्रीन दाखवा.